दुसऱ्या बैलावरची गोणी

दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती (तालुक्याचे नाव आपल्या दारावरच्या पाटीवर आहेच, म्हणून येथे पुन्हा लिहिले नाही),
जि. हिंगोली.

अर्जदार : रामसिंग सेवा आडे, वय अंदाजे ऐंशी (आधार कार्डाचे म्हणणे वेगळे आहे), धंदा शेती व गोष्टी सांगणे, रा. खैरदरा तांडा.

विषय : ग्रामपंचायत खैरदरा तांडा येथील संगणक बंद होताना फायलींची जी दुसरी प्रत आपोआप निघते ती बंद न करणेबाबत, तसेच त्यापायी संगणक परिचालक कु. शिवकन्या प्रेमदास पवार हिला कामावरून कमी न करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस. ती आली त्या दिवशी तांड्यात लग्न होते. तारखेवर हळदीचे बोट पडल्याने तारीख वाचता येत नाही.
२) अर्जदाराचे आजोबा कै. थावरा नाईक यांचे दोन बैल.

महोदय,

१. या अर्जात पुढे जे लिहिले आहे त्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे अर्जदार सुरुवातीलाच लेखी देत आहे. अर्जदाराने आजवर पुष्कळ गोष्टी सांगितल्या, त्यातल्या काही खऱ्यासुद्धा होत्या, पण एकीवरही कोणी विश्वास ठेवला नाही. याउलट आपले विस्तार अधिकारी साहेब आमच्या तांड्यावर आले, संगणकात चोर शिरला आहे अशी गोष्ट त्यांनी तालुक्याला जाऊन सांगितली, आणि तिच्यावर शिक्क्यासह नोटीस निघाली. यावरून अर्जदारास एवढेच कळले की, गोष्ट खरी की खोटी याला फारसे महत्त्व नसते, खाली शिक्का आहे की नाही ते बघतात. अर्जदाराकडे शिक्का नाही. सही येते.

२. हा अर्ज कोणत्या रीतीने लिहिला ते आधी सांगणे भाग आहे. आमच्या तांड्यात कोणताही कागद सही होण्याआधी नाईकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यासमोर सर्वांदेखत मोठ्याने वाचला जातो. ज्याने लिहिला त्याने वाचायचा नसतो, दुसऱ्याने वाचायचा असतो. कारण लिहिणारा स्वतःच वाचू लागला की अडचणीच्या जागी त्याला खोकला येतो. ऐकताना कोणाला काही खोटे वाटले तर त्याने तिथल्या तिथे बोलायचे. बोलला तर त्याची हरकत कागदाच्या खाली, त्याने जशी सांगितली तशीच लिहायची. वरचे काही खोडायचे नाही. हरकत लिहिली गेली की मगच कागद तांड्याबाहेर जातो. आज संध्याकाळी गुलाबसिंग नाईक यांच्या ओट्यासमोर हा अर्ज वाचला जाणार आहे. वाचायला शिवकन्या आहे, कारण तांड्यात तिच्याइतके न अडखळता दुसरे कोणी वाचत नाही. हरकत कोणी घेईल असे अर्जदारास वाटत नाही.

३. आता संगणकाविषयी. आमच्या ग्रामपंचायतीत संगणक आला तेव्हा तांडा त्याला बघायला गेला होता. त्यात जन्म, मृत्यू, घरांच्या नोंदी, रहिवासी दाखले, सगळे ठेवतात. म्हणजे तांड्यातला माणूस आहे की नाही, हे आता त्या डब्याला विचारावे लागते. पूर्वीचे परिचालक हिंगोलीहून मोटारसायकलवर येत. फायलींची दुसरी प्रत ते आठवड्यातून एकदा, आठवण झाली तर, हाताने काढत. एका आठवड्यात आठवण झाली नाही आणि नेमक्या त्याच आठवड्यात संगणकाच्या पोटातली साठवणीची चकती बंद पडली. त्यात अर्जदाराच्या पणतूची जन्मनोंद गेली. ती पुन्हा करेपर्यंत इतके दिवस गेले की सरकारी हिशेबाने पणतू आधी चालायला लागला व मग जन्मला. हे खरे आहे. शाळेत नाव घालताना अजून भांडण आहे.

त्यानंतर आमच्याच तांड्यातील प्रेमदास पवार यांची मुलगी शिवकन्या या कामावर लागली. तिने ग्रामसेवक उत्तमराव यांना विचारले, ‘साहेब, प्रत काढायचं माणसाच्या ध्यानात राहत न्हाई, तर संगणकाच्याच ध्यानात दिलं तर?’ उत्तमराव म्हणाले, ‘दे बापा, माझ्या ध्यानात नको देऊ म्हणजे झालं.’ हे उत्तमरावांचे तोंडी आदेश समजावेत.

तेव्हापासून असे होते. संध्याकाळी कार्यालय बंद करताना संगणक बंद करायचे बटण दाबले की तो लगेच बंद होत नाही. दिवसभरात ज्या फायली बदलल्या तेवढ्याच तो निवडतो, त्यांची प्रत वायरने जोडलेल्या एका वेगळ्या डब्बीत ठेवतो, नीट पोचली का तपासतो, आणि मगच मान टाकतो. याला थोडा वेळ लागतो. चहा गार होईल इतका नाही, पण फुंकून प्यावा लागेल इतका. मग शिवकन्या ती डब्बी सोडवून शेजारी अर्जदाराच्या घरी आणून देते. अर्जदाराची पत्नी नीलाबाई ती फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत ठेवते. सकाळी शिवकन्या घेऊन जाते. डब्बी यायला उशीर झाला तर नीलाबाई दारातून विचारते, ‘शिवे, बैल आला नाही का गं अजून?’

४. डब्बीला बैल काहून म्हणतात, हे आपणास कळावे म्हणून संदर्भ क्रमांक दोनचा खुलासा करतो. अर्जदाराचे आजोबा थावरा नाईक हे लदेणीवर असत, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मुलुखभर फिरत. त्यांचा नियम असा होता की, एक गोणी कधी एका बैलावर चढवायची नाही. अर्धी ढवळ्यावर, अर्धी काजळ्यावर. आणि ढवळ्या पाण्यात असेपर्यंत काजळ्याने काठ सोडायचा नाही. एकदा कयाधूला पूर आला असता ढवळ्या मधोमध गेला आणि वाहिला. तो पैनगंगेपर्यंत वाहत गेला. त्याच्या पाठीवर इतके मीठ होते की खालच्या गावांनी महिनाभर वरणात मीठ घातले नाही, नदीचेच पाणी वापरले. पुढे उन्हाळ्यात ढवळ्या आपल्या पायांनी परत आला. गोणी रिकामी होती, पण धुऊन स्वच्छ. इकडे काजळ्यावरच्या अर्ध्या गोण्यांनी तांड्याचा वर्षाचा व्यवहार निभावला.

ही गोष्ट अर्जदाराने तांड्यातल्या लेकरांना इतक्या वेळा सांगितली की ढवळ्या दर वेळी थोडा पुढे वाहून जातो. शिवकन्या लहान असताना पुढेच बसायची. बाकीची लेकरं मीठ नदीत गेल्यावर हसायची. ही एकदा विचारती झाली, ‘बाबा, पण निघताना कोण बघायचं? काजळ्यावर गोणी चढवायचीच राहिली तर?’ इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. अर्जदारास उत्तर माहीत नव्हते, पण अर्जदाराचे त्यावाचून कधी अडले नाही. तो म्हणाला, ‘थावरा नाईक ‘हाला’ म्हणायच्या आधी दुसऱ्या बैलाच्या पाठीवर हात फिरवायचा. गोणी लागली नाही हाताला, तर तांडा जागचा हालत नव्हता. मग मागे वाघ असो.’ ती गप्प बसली. पोरगी गप्प बसली म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी चालले आहे, हे अर्जदारास तेव्हाच समजायला हवे होते.

५. या व्यवस्थेचा उपयोग काय, असे नोटिशीत विचारले आहे. त्याचे उत्तर असे. गेल्या शिमग्याच्या आधी अवकाळीत ग्रामपंचायतीच्या मागच्या बाभळीवर वीज पडली. ती तारेवाटे आत आली आणि संगणक जागीच काळा झाला. अर्जदाराने ती वीज प्रत्यक्ष पाहिली. ती आधी अर्जदाराकडेच येत होती, पण वाटेत तिचा विचार बदलला. ते असो. सकाळी उत्तमराव कार्यालयात आले, वास घेतला, आणि पायरीवर बसले. घरकुलांसाठी ज्यांची पडकी घरे मोजून झाली होती ती सगळी मोजणी त्यात होती. डोक्यावर पत्रा नसलेली माणसे पायरीसमोर उभी होती. उत्तमराव म्हणाले, ‘आता नव्यानं मोजायला तालुक्याहून माणूस कवा येईल, देवाला ठाऊक.’ तेवढ्यात नीलाबाई कोठीतून डब्बी काढून घेऊन आली. तिच्या अंगाला ज्वारीचे दाणे लागले होते. ती म्हणाली, ‘हे घ्या. ढवळ्या गेला, काजळ्या घरी हाय.’ शेजारच्या डोंगरकडा गावाहून दुसरा संगणक उसना आणला, डब्बी लावली, आणि आदल्या संध्याकाळपर्यंतचे सगळे जसेच्या तसे निघाले. ज्यांची घरे त्या मोजणीवर बांधून झाली त्यांच्या छपराखाली बसून हा अर्ज लिहिला आहे. पाहिजे तर छप्पर मोजून घ्यावे.

ही सगळी हकीकत कोणालाही विचारली तरी अशीच सांगतील. फक्त विजेचा विचार बदलला, तेवढे अर्जदाराचे.

६. आता विस्तार अधिकारी साहेबांच्या भेटीविषयी. साहेब दप्तर तपासायला आले. दिवसभर तपासले. तपासणी अहवाल आमच्याच नव्या संगणकावर स्वतः बसून टंकित केला. त्यांना उजेड असेपर्यंत औंढ्याला दर्शनाला पोचायचे होते आणि जीप दारात चालू होती. जाताना वीज वाचवावी म्हणून साहेबांनी संगणक बंद करायचे बटण आपल्या हाताने दाबले. त्यावर पडद्यावर नेहमीप्रमाणे अक्षरे आली :

थांबा.
सामान बांधणे चालू आहे.
दुसऱ्या बैलावर गोणी चढली की निघू.

साहेबांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, ‘हे कोण मला थांबा म्हणतंय?’

शिवकन्या म्हणाली, ‘साहेब, जरा दम धरा, आजच्या फायलींची प्रत होऊन राहिली.’

‘कुठे जाऊन राहिली प्रत? बैल कोण?’

‘ही डब्बी, साहेब. हाच दुसरा बैल.’

साहेबांनी मोबाइलवर संगणक चोरांविषयी काहीतरी पाहिले होते. चोर आधी पडद्यावर अक्षरे आणतात, मग फायलींना कुलूप लावतात, मग खंडणी मागतात. साहेब म्हणाले, ‘हे तेच आहे. बाजूला व्हा सगळे.’ अर्जदार दारात बसला होता. तो म्हणाला, ‘साहेब, चोर असता तर जाताना थांबा कशाला म्हणला असता?’ साहेबांनी अर्जदाराकडे पाहिले नाही. भिंतीशी जाऊन त्यांनी वायर उपटली.

यापुढे जे घडले त्यावर तर अजिबात विश्वास बसणार नाही. वायर साहेबांच्या हातात होती, आणि पडदा चालूच होता. एक गोणी चढायची राहिली होती म्हणून संगणक बंद व्हायला तयार नव्हता. साहेबांनी वायरकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा वायरकडे पाहिले. अर्जदाराने उठून संगणकाच्या पाठीवर हात ठेवला आणि ‘हाला’ म्हटले, तेव्हा तो बंद झाला. हे पाहणारे तिघे आहेत. साहेब नाकारतील. अर्जदार सांगतोच आहे. शिवकन्येस विचारू नये, तिला खरे बोलायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी संगणक चालू केला. आदल्या संध्याकाळपर्यंतचे सर्व काही डब्बीत शाबूत होते. साहेबांच्या भेटीच्या दिवशीच्या कामातला एकच कागद अर्धवट राहून खराब झाला. तो साहेबांचा तपासणी अहवाल होता. शिवकन्येने तसे फोन करून कळवले. साहेबांनी नंतर तो अहवाल आठवून पुन्हा लिहिला, असे समजते. आमच्या कार्यालयात पिण्याच्या पाण्याची सोय नाही असे त्यात लिहिले आहे. त्या दिवशी साहेब चार तांबे पाणी प्याले होते. आठवणीवर लिहिले की असे होते.

७. यावर आपली नोटीस आली. तिच्यात तीन दोष काढले आहेत. एक, अधिकाऱ्यास थांबण्याचा आदेश देणे. दोन, कार्यालयीन संगणकावर जनावराचा उल्लेख. तीन, वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय संगणकात आज्ञा घालणे. सबब ती आज्ञा काढून टाकावी, डब्बी जमा करावी, आणि परिचालक शिवकन्या हिला महिनाअखेर कमी करून दुसरा माणूस द्यावा, असे आपण लिहिले आहे. अर्जदाराचे म्हणणे येणेप्रमाणे :

थांबा हा शब्द काढला जाणार नाही. एसटी स्टँडवर तो लिहिलेला आहे, रेल्वे फाटकावर लिहिलेला आहे, तिथे साहेब थांबतात. आमच्या तांड्यातच थांबायला काय तकलीफ आहे?

जनावराचा उल्लेख काढला जाणार नाही. ज्या ज्वारीत डब्बी ठेवतो ती ज्वारी बैलांनी पिकवली, आणि आम्ही ज्या गावात राहतो ते गाव बैलांमागून चालत येऊन वसले. बैलाचे नाव कार्यालयात नको असेल तर कार्यालय दुसरीकडे हलवावे.

डब्बी जमा होणार नाही. ती नीलाबाईच्या कोठीत, ज्वारीच्या तळाशी आहे. आपला माणूस न्यायला आला तर आधी त्याला सगळी ज्वारी उपसावी लागेल, आणि उपसलेली पुन्हा भरून द्यावी लागेल. नीलाबाई शेजारी उभी राहून एकेक पायली मोजून घेईल. ती अर्जदारास सुद्धा सोडत नाही.

आणि दुसरा माणूस नको. दुसरा माणूस मोटारसायकलवर येईल, चार वाजता त्याला घाई होईल, बटण दाबून निघून जाईल. मग पुढच्या विजेला आम्ही पायरीवर बसलेल्या उत्तमरावांकडे बघत उभे राहू. शिवकन्या निघताना हात फिरवून बघते. आम्हाला तसाच माणूस पाहिजे, आणि तो आमच्याकडे आहे. बाकीच्या तांड्यांना नसेल तर त्यांना आमच्याकडे शिकायला पाठवावे, जेवण आम्ही देऊ.

८. राहिला तिसरा दोष, परवानगीविना आज्ञा घालण्याचा. याबाबत अर्जदार पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय पुढीलप्रमाणे सांगतो, आणि याच परिच्छेदासाठी हा अर्ज लिहिला आहे.

सदर आज्ञा शिवकन्येने घातलेली नाही. ती अर्जदाराने स्वतः घातली आहे. त्याची हकीकत अशी की, अर्जदार एकदा कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर वाशीमच्या गाडीची वाट बघत बसला असता तेथे एका मोठ्या कंपनीतल्या संगणक इंजिनीअरची मोटार पंक्चर झाली. पंक्चरवाला जेवायला गेला होता. इंजिनीअर बाजेवर मांडीला छोटा संगणक लावून बसला. अर्जदाराने विचारले, ‘का हो, माणूस घरातून निघताना मागं वळून बघतो, दिवा मालवला का, दार लावलं का. हे यंत्र बघतं का?’ इंजिनीअर म्हणाला, ‘नाही बघत.’ अर्जदार म्हणाला, ‘मग सरकून बसा, आपण दोघं मिळून शिकवू त्याला.’ पंक्चर निघेपर्यंत इंजिनीअरास जेवढे येत होते तेवढे अर्जदार शिकला होता. उरलेले अर्जदाराने त्याला शिकवले. जाताना त्याने अर्जदाराच्या पायाला हात लावला. शेवभाजीचे पैसे पण त्यानेच दिले.

त्यानंतर एके दिवशी शिवकन्या झेरॉक्सचे कागद आणायला डोंगरकड्याला गेली असता अर्जदार कार्यालयात शिरला. संगणकाच्या पोटात दोन खोल्या असतात. एकीत चालू होतानाची कामे ठेवतात, दुसरीत बंद होतानाची. अर्जदाराने दुसरीचे दार उघडले आणि आत आपली आज्ञा ठेवली : आज जे बदललं तेवढंच उचल, डब्बीत ठेव, तपासून बघ, मगच दिवा मालव. पडद्यावरची अक्षरेही अर्जदाराचीच. शिवकन्या परत आली तेव्हा अर्जदार दारात बसून सुपारी कातरत होता. तिला यातले काहीही माहीत नव्हते व अजूनही नाही.

सबब जी काही कारवाई करायची ती अर्जदारावर करावी. त्याला महिनाअखेर कमी करावे. मात्र अर्जदाराकडे कोणतेही पद नसल्याने त्याला कोणत्या पदावरून कमी करायचे ते आपल्या कार्यालयाने आधी ठरवावे. पद द्यायचे असेल तर त्याची हरकत नाही. ते दिल्यावर काढून घ्यावे.

वरील सर्व मजकूर खरा आहे. ज्याला खोटा वाटेल त्याने तांड्यावर येऊन, चूळ भरून, समोर बसून तसे सांगावे.

कोणापुढेही न वाकणारा, तरी आपणास राम राम करणारा,

रामसिंग सेवा आडे

सोबत :
१) आपल्या नोटिशीची प्रत, हळदीच्या डागासह.
२) जळालेल्या संगणकाचे एक बटण. हुंगून पाहावे.
३) या अर्जाची दुसरी प्रत सोबत जोडलेली नाही. ती दुसऱ्या बैलावर आहे. हा कागद आपल्या कार्यालयात हरवला तर कळवावे, लगेच पाठवतो.

वाचनाच्या वेळी आलेली हरकत, रीतीप्रमाणे खाली लिहिली आहे :

अर्ज गुलाबसिंग नाईक यांच्या ओट्यासमोर शिवकन्येने वाचला. सातव्या परिच्छेदापर्यंत कोणी काही बोलले नाही. ढवळ्या परत आला तिथे लेकरे हसली. आठव्या परिच्छेदात, अर्जदार कार्यालयात शिरला इथपर्यंत आल्यावर शिवकन्येने वाचणे थांबवले आणि कागद खाली केला.

‘बाबा, हे खोटं हाय.’

गुलाबसिंग नाईक म्हणाले, ‘कोणतं? वायर उपटल्यावर चालू राहिला ते?’

‘ते राहू द्या. हे आठवं.’

अर्जदार म्हणाला, ‘वाच पोरी पुढं. खोकला येऊन राहिला मला.’

‘वाचणार तुम्ही न्हाई, मी हाय. बाबा, माऊस कोणत्या हातात धरतात, सांगा बरं.’

अर्जदाराने, गरज पडेल त्या हातात, असे उत्तर दिले.

‘पयल्यांदा तुमच्या हातात दिला तवा तुमी तो कानाला लावला होता.’

नीलाबाई मागून म्हणाली, ‘हॅलो पण म्हणला होता. दोनदा.’

ओट्यासमोरची मंडळी हसली. ते थांबल्यावर गुलाबसिंग नाईक शिवकन्येला हळू म्हणाले, ‘पोरी, म्हातारा तुझ्यासाठीच करून राहिला. त्याला कोणी काय काढणार? तू गप बस. खोटं तर खोटं, नोकरी राहील तुझी.’

शिवकन्या म्हणाली, ‘नोकरी राहील नाईक, पण काम बाबाचं होईल. आठवडाभर बसले मी संगणकापाशी. आधी तो बंदच होईना. मग बंद व्हायला लागला तर प्रत कोरी निघायची. मग एके दिवशी सगळं बराबर झालं आणि मी एकटीच होते कार्यालयात, कोणाला सांगायला पण न्हवतं कोणी. साहेबानं वायर उपटली तवा मला तेवढं वाईट नाही वाटलं जेवढं आता हे वाचताना वाटलं. काढायचं असंल तर माझ्या कामासाठी काढू द्या. बाबाच्या गोष्टीसाठी राहा म्हणू नका मला.’

मग नाईक म्हणाले, ‘तर मग आठवा खोडायचा का?’

अर्जदार म्हणाला, ‘आपल्यात खोडत न्हाईत. खाली लिवतात.’ आणि त्याने आपल्या हातातला पेन शिवकन्येच्या हातात दिला. पुढील तीन ओळी तिच्या हस्ताक्षरात आहेत.

परिच्छेद ८ खोटा आहे.
ते काम मी केले आहे. परवानगी घेतली नव्हती, ती आता मागत आहे.
बंद करताना थांबावे लागेल.

शिवकन्या प्रेमदास पवार
संगणक परिचालक, ग्रामपंचायत खैरदरा तांडा